निवृत्तीनंतर राहायला कुठे जावं? (डोंगर, समुद्र की बसथांब्याजवळ)

खिडकीवाली
नमस्कार मंडळी. आणखी दीड वर्षानं आम्ही दोघंही एकदमच निवृत्त होतोय. आत्ताचं घर नोकरीच्या सोयीनं घेतलेलं. नोकरी गेली की या घराला चिकटून राहायचं काही कारण उरत नाही, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांना वीस वर्षांपासून डोंगरात घर हवंय. लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल आहे, तिचं नाव 'शेवटचं घर'. नाव वाचूनच माझ्या पोटात गोळा येतो, पण ते असो. त्यात नऊ गावं, बावीस रकाने. तापमान, हवा, जमिनीचा भाव, पाण्याची सोय, सगळं आहे. 'बायकोला काय वाटतं' असा रकाना नाही.

मला डोंगराचं वावडं नाही. पण मी गाडी चालवत नाही, आणि मला रोज चार माणसं दिसल्याशिवाय करमत नाही. ज्यांनी असं गाव बदललंय त्यांनी सांगा, ठिकाण कसं ठरवलंत? काय बघायचं राहून गेलं? ज्यांनी नाही बदललं त्यांनीही सांगा, का नाही ते.

बोरूबहाद्दर
डोंगर. प्रश्न मिटला. धागा बंद करा.

जुनी_सायकल
ताई, बोरूकडे लक्ष देऊ नका, त्याला निवृत्तीला अजून पंचवीस वर्षं आहेत.

आम्ही नेमकं हेच केलं, म्हणून सविस्तर लिहितो. सहा वर्षांपूर्वी डोंगरात घर घेतलं. रस्त्यापासून दारापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या. पहिल्या वर्षी पाहुणे आले की त्या अभिमानानं मोजून दाखवायचो. तिसऱ्या वर्षी बायकोचा गुडघा बोलायला लागला आणि त्याच पायऱ्या मी मनातल्या मनात मोजायला लागलो. औषधाचं दुकान पावणेदोन किलोमीटरवर. जाताना सगळा उतार, म्हणजे येताना काय ते समजून घ्या. जाताना मोकळे हात, येताना पिशवी, असा निसर्गाचा न्याय.

चूक कुठे झाली सांगतो. घर आम्ही पाहिलं ते वर्षातल्या सगळ्यात देखण्या आठवड्यात. स्वच्छ ऊन, समोर तीन डोंगररांगा. खरेदीखत झालं आणि दोन महिन्यांत धुकं उतरलं. नऊ दिवस धुतलेले कपडे वाळले नाहीत. कपाटातून बूट काढला तर आतून हिरवी लव. आणि धुक्यात समोरच्या डोंगररांगा तर सोडाच, स्वतःचं फाटक दिसत नाही. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, पूर्ण गुण मिळाले होते. उपयोग शून्य.

विकायला चौदा महिने लागले, कारण घेणाराही पायऱ्या मोजतोच. आता भाड्यानं राहतो, तळमजल्यावर. तुम्हाला एकच सांगेन, गाव आवडलं तर आधी तिथे भाड्यानं राहा, आणि तेही वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात. त्या महिन्यात टिकलात तर बाकीचे अकरा तुमचे.

सुपारीचं_खांड
'गुडघा बोलायला लागला' :) माझा तर हल्ली भाषण करतो.

मोजपट्टी
व्यवसायानं डॉक्टर आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी स्कॅन व्हायला हवा. म्हणजे नुसता दवाखाना जवळ असून भागत नाही, तिथे सीटी स्कॅन रात्री दोन वाजता चालू असतो का, हे विचारायचं. अशा झटक्यात उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज २००६ साली प्रसिद्ध झालाय. मी जागा बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, दलालाबरोबर दिवसा जा, पण एकदा रात्री तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंत स्वतः गाडी घेऊन जा आणि घड्याळ लावा.

दुसरी, उंची. २५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. धडधाकट माणूस रुळतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र तिथे कायमचं राहण्याआधी तपासणी हवी. इक्वेडोरमधलं क्वेंका हे अमेरिकी निवृत्तांचं लाडकं शहर साधारण याच उंचीवर आहे. फोटोत उंची दिसत नाही.

बोरूबहाद्दर
म्हणजे निवृत्तीनंतर निसर्गाच्या कुशीत नाही, सीटी स्कॅनच्या कुशीत?

तिसरा_मजला
बोरूचा विनोद बाजूला ठेवून, मला त्याच्याच बाजूनं बोलायचंय.

ही सगळी भीतीची गणितं मी पंधरा वर्षांपूर्वीही ऐकली होती. आम्ही समुद्राकाठी राहायला गेलो तेव्हा हे एकसष्ट वर्षांचे होते, मी अठ्ठावन्न. मोठं रुग्णालय दीड तासावर. सगळ्यांनी वेड्यात काढलं. नऊ वर्षं राहिलो. हे रोज पहाटे भरती-ओहोटीचा तक्ता बघून फिरायला निघायचे. तो तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला असायचा, आणि उलट्या बाजूला ह्यांच्या अक्षरात कुठल्या दिवशी कोणता पक्षी दिसला ते लिहिलेलं. बत्तीस वर्षं नोकरी करताना हा माणूस सकाळी एक शब्द बोलत नसे. तिथे सकाळी सहालाच बडबड सुरू.

मग हे गेले. रुग्णालय जवळ असतं तर वाचले असते का? डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. मी स्वतःला आजही विचारते, पण नऊ वर्षांचा सौदा परत समोर आला तर परत घेईन.

त्यानंतर एकटी तिथे सात महिने काढले. ते मात्र जमलं नाही. गाडी ह्यांनाच यायची. बँक, दवाखाना, टपाल, सगळीकडे ह्यांच्या गाडीनं जायचो हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. आता बहिणीच्या शेजारी, लिफ्ट असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. (आयडी त्यावरून.)

खिडकीवाली
तिसरा_मजला ताई, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हे उठून बाल्कनीत गेले. थोड्या वेळानं परत येऊन म्हणाले, "तुला गाडी शिकवू का?" आता काय बोलायचं?

जुनी_सायकल
शिका! पण गाडी चालवणंही कधीतरी सुटतंच. ऐंशीव्या वर्षी घाटात गाडी घालण्यापेक्षा पंच्याहत्तरीत बसथांबा शोधलेला बरा.

कॅलेंडर
तिसरा_मजला यांनी जे लिहिलंय त्याला वृद्धत्वाच्या अभ्यासात चांगलं जुनं नाव आहे. लिटवाक आणि लाँगिनो या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८७ साली मांडलं होतं की निवृत्तीनंतरचं स्थलांतर एकच नसतं, तीन असू शकतात. पहिलं हौसेचं: तब्येत बरी, जोडीदार सोबत, म्हणून हवापाण्यासाठी. दुसरं गरजेचं: रोजची कामं जड होऊ लागली, बहुतेकदा जोडीदार गेल्यावर, की मुलांच्या किंवा नात्यातल्यांच्या जवळ. तिसरं, घरच्यांना झेपेनासं झालं की शुश्रूषेची सोय असेल तिथे. सगळेच तिन्ही टप्पे करतात असं नाही.

म्हणून 'शेवटचं घर' हे फाइलचं नावच मला घोटाळ्याचं वाटतं. पहिल्या स्थलांतराचं घर शोधायचं आणि त्याच्याकडून तिसऱ्याची कामं करून घ्यायची, हे एका घराला कसं जमेल?

आणखी एक. १९९८ मध्ये श्केड आणि कानेमन या दोन संशोधकांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल किती समाधानी आहात असं विचारलं. दोन्हीकडे उत्तर सारखंच आलं. पण तुमच्यासारखा माणूस कुठे जास्त समाधानी असेल असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्निया सांगितलं. हवामानाचा विचार करायला बसलं की हवामानच मोठं दिसतं. राहायला लागल्यावर माणूस हवामानात राहत नाही, आपल्या दिवसात राहतो.

नाना_पाटी
एवढं पांडित्य कशाला? मुलांजवळ जावं, सुखानं राहावं.

सुपारीचं_खांड
नानाकाका, आमच्या ओळखीत एक जोडपं असंच लेकीच्या गावी गेलं. राहतं घर विकून. अकराव्या महिन्यात लेकीची बदली झाली. आता लेक दुसऱ्या देशात, आणि हे दोघं अशा गावात जिथे त्यांना फक्त लेकीची शेजारीण ओळखते. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

नाना_पाटी
मग लेकीला आधी विचारायचं होतं.

सुपारीचं_खांड
विचारलं होतं. "या ना" म्हणाली. आईवडिलांना "नका येऊ" कोण म्हणतं?

निळी_छत्री
+१. मी त्या 'लेकी'च्या जागेवर आहे. सासू-सासरे येतो म्हणाले तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की आमच्या नोकऱ्या पाच वर्षांपलीकडे कुठे असतील याची खात्री देता येत नाही. सासूबाईंना तेव्हा लागलं. पण मग त्यांनी आमचं गाव न निवडता रेल्वेचं मोठं स्थानक असलेलं गाव निवडलं. आम्ही कुठेही असलो तरी गाडी बदलायला न लागता पोहोचू शकतो. परवाच म्हणाल्या, "तू तेव्हा बोललीस ते बरं केलंस." बारा वर्षांत पहिल्यांदा!

परदेशी_पाखरू
देश बदलायचा विचार कोणी करत असेल तर माझे दोन पैसे. आम्ही यात तीन वर्षं डोकं घातलंय.

लोक आधी व्हिसाची यादी बघतात. थायलंडचा निवृत्तीचा मुक्काम वयाच्या ५० पासून मिळतो, बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवून. पनामाच्या पेन्शनर व्हिसाला महिना १००० डॉलरचं तहहयात पेन्शन लागतं. हे सगळं सोपं वाटतं. पण व्हिसा म्हणजे नुसतं दार आहे, घर नव्हे.

आत काय असतं ते उदाहरणानं सांगतो. पोर्तुगालनं २००९ मध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी दहा वर्षांची करसवलत आणली. परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर बऱ्याच जणांना करच नव्हता. लोक धावले. २०२० पासून नव्यांना १० टक्के लागू झाला आणि २०२४ पासून योजना नव्या लोकांना बंदच. आधी शिरलेल्यांची दहा वर्षं सुरक्षित, पण अकराव्या वर्षाचं काय? करासाठी गाव निवडलं तर कर बदलला की गावात राहायचं कारणच संपतं.

पेन्शनचंही तेच. ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेऊन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाला गेलात तर ते तिथे गोठतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. अमेरिकेत गेलात तर मिळते. तर्क शोधू नका, करारांवर अवलंबून आहे. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर जवळजवळ काहीच भरत नाही. आणि त्यातला भाग 'बी' (डॉक्टरांच्या फीसारखे खर्च भरणारा) सोडून दिला, मग काही वर्षांनी परत आलात, तर चुकवलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही साधारणतः कायमचा.

शेवटचं, मृत्युपत्र. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून वारसा ठरतो तो तुम्ही जिथे कायम राहात होता त्या देशाच्या कायद्यानं. आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा हवा असेल तर मृत्युपत्रात तसं लिहून ठेवता येतं. फ्रान्ससारख्या देशात मुलांचा वाटा कायद्यानं राखीव असतो. 'सगळं बायकोला' एवढं लिहून काम होईलच असं नाही.

बोरूबहाद्दर
पाखरू, तुमचे दोन पैसे फारच मोठ्या नोटेत निघाले.

मोजपट्टी
पाखरू यांना जोड: कागदपत्रं घराचीही बघा. स्पेनच्या अल्मेरिया प्रांतात २००८ च्या जानेवारीत एका ब्रिटिश निवृत्त जोडप्याचं घर पाडलं गेलं होतं. स्थानिक पालिकेचा परवाना होता, पण अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारनं तो बेकायदा ठरवला. पेन्शनरांकडे पुन्हा कमवायला वेळ नसतो.

जुनी_सायकल
विषय निघालाच आहे म्हणून: फक्त ज्येष्ठांच्याच वसाहतीत राहण्याबद्दल कोणाचा अनुभव? मला आकर्षण वाटतं, बायकोला धसका.

कॅलेंडर
अशा वसाहतींची सुरुवात म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातलं सन सिटी. १ जानेवारी १९६० ला उघडलं, पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं बघायला आली होती म्हणे. गोल्फ, तलाव, छंदांच्या कार्यशाळा, शाळा मात्र नाही.

आणि याच्या उलट गंमत जपानची. १९८६ मध्ये तिथल्या उद्योग मंत्रालयानं निवृत्तांसाठी परदेशात, स्पेनसारख्या ठिकाणी, वसाहती उभारायची योजना मांडली. 'गाड्या निर्यात करून झाल्या, आता म्हातारे निर्यात करताय का', या धर्तीची टीका झाली आणि योजना बारगळली.

आजोबा_लेथवाले
मी राहतो अशा वसाहतीत, चौथं वर्ष. म्हणून लिहितो.

चांगलं आधी. कार्यशाळा आहे, तिथे लाकडाचा लेथ आहे. चाळीस वर्षं हिशेब केले, हातानं काही बनवलं नव्हतं. आता माझ्या हातचे भोवरे नातवंडांकडे आहेत. रात्री घंटा वाजवली तर चार मिनिटांत माणूस येतं, मी दोनदा वाजवून पाहिलीय, एकदा खरंच गरज होती. दारं व्हीलचेअर जाईल एवढी रुंद, न्हाणीघरात उंबरा नाही. हे तुम्ही स्वतःच्या घरातही करू शकता, पण करत नाही.

वाईट असं की फाटकाजवळ सूचनाफलक आहे. त्यावर सहलीचं पत्रक असतं, गाण्याच्या कार्यक्रमाचं असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक काळ्या चौकटीचा कागद असतो. सकाळी फिरायला निघताना मी त्या बाजूला न बघता जातो. येताना बघतो.

लहान मुलं दिसत नाहीत हेही आहे. पण सोमवारी शेजारच्या शाळेतली पोरं लेथ बघायला येतात. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही इथे शिकायला आहात का?" हो म्हणालो.

निळी_छत्री
आजोबा, भोवऱ्याचा फोटो टाका ना!

आजोबा_लेथवाले
फोटो कसा टाकायचा ते सोमवारी पोरांना विचारतो.

सुपारीचं_खांड
थोडं अवांतर, पण सामानाचं काय केलंत सगळ्यांनी? आमच्याकडे तेरा पेट्या पुस्तकं आहेत आणि नवऱ्याचा सूर 'गाव कुठलंही चालेल, पेट्या येतील'.

तिसरा_मजला
दोनदा घर आवरलंय. पुस्तकं सोपी असतात, ग्रंथालयं घेतात. कठीण असतात ती किल्ल्यांची जुडगी, जी कशाची ते कोणालाच आठवत नाही, तरी फेकवत नाहीत. माझ्याकडे अजून चौदा आहेत.

नाना_पाटी
विषयावर या. मी अजूनही म्हणतो, मुलांजवळ. पण निळी_छत्री यांचं रेल्वेचं पटलं. मी आहे तिथेच राहिलो, कारण इथे मला नळदुरुस्तीवाल्यापासून कंपाउंडरपर्यंत सगळे नावानं ओळखतात. सत्तराव्या वर्षी नव्या गावात जाऊन 'आपण कोण?' हे सांगत बसायला अंगात ताकद नाही. यादीत 'कोण ओळखतं' हा रकाना कोणीच धरत नाही.

जुनी_सायकल
नाना, हे वाक्य आधी लिहिलं असतंत तर धागा अर्धा झाला असता.

खिडकीवाली
चार महिन्यांनी धागा वर काढतेय, वृत्तांत द्यायचा राहिला होता.

जुनी_सायकल यांचा सल्ला मानला. ह्यांच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या डोंगरगावात, ऐन धुक्यात, सहा आठवडे भाड्यानं राहिलो. माझी एकच अट: गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये. रात्री रुग्णालयापर्यंतची फेरी तेवढी अपवाद. मोजपट्टी, एक तास बारा मिनिटं लागली, वाटेत दोनदा गुरं आडवी.

पहिला आठवडा हे हवेतच होते. दुसऱ्या आठवड्यात पाठीवर सामानाची पिशवी घेऊन चढ चढताना मध्येच एका कठड्यावर बसले आणि मला म्हणाले, "तू हो पुढे." मी पुढे गेले नाही, शेजारी बसले. तिथे त्याच कठड्यावर रोज एक बाई बसते, एकटीच, वरच्या अंगाला राहते. तिची माझी ओळख झाली. पाचव्या आठवड्यात तिनं मला वाचनालयात नेलं, वाचनालय म्हणजे एक खोली आणि दर गुरुवारी भांडणारी आठ माणसं. मला ती आठही आवडली. म्हणजे झालं असं की डोंगराचा उत्साह ह्यांचा उतरला आणि माझा वाढला!

निर्णय झालेला नाही. घर घ्यायचं नाही एवढं ठरलंय. पुढच्या वर्षी त्याच गावात, पण खालच्या अंगाला, बस वळते तिथे, वर्षभरासाठी भाड्यानं. इथलं घर तोवर राहू देणार. लॅपटॉपवर आता 'शेवटचं घर २' अशी फाइल आहे. एक रकाना वाढलाय. 'कठडे'.

तिसरा_मजला
गाडी शिकताय का?

खिडकीवाली
शिकतेय. तिसरा गिअर अजून सापडत नाही.

बोरूबहाद्दर
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. डोंगर. बाकी तिथे इंटरनेट कसं आहे?

खिडकीवाली
धुकं नसेल तेव्हा उत्तम.